घरी आणलेले कार्टून: बालपटांच्या कॅसेट-सीडीची कुळकथा

मुलांचा ॲनिमेशनपट विकत आणून घरी ठेवण्याची पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेत रुजली. जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस कॅसेट 1976 साली जपानमध्ये बाजारात आणली होती. पण सुरुवातीची बरीच वर्षे चित्रपटांच्या कॅसेट घेत ते दुकानदार. महागडी कॅसेट घ्यायची आणि भाड्याने फिरवून पैसे वसूल करायचे, असा तो व्यवहार होता. डिस्नेने 1985 मध्ये ‘पिनोकियो’ची कॅसेट काढली तेव्हा तिची किंमत 80 डॉलरच्या घरात होती. ती 30 डॉलरच्या आत उतरवल्यावर घरोघरचे गिऱ्हाईक मिळू लागले. मोठी माणसे चित्रपट एकदा पाहतात आणि परत करतात. मूल मात्र तोच चित्रपट रोज मागते, संवाद पाठ झाले तरी मागते. भाडे भरत राहण्यापेक्षा कॅसेट विकत घेणे पालकांना परवडे. या धंद्याचे सगळे अर्थशास्त्र मुलांच्या या सवयीवर उभे राहिले.

‘द लायन किंग’च्या सुमारे 3 कोटी कॅसेट 1995 मध्ये एकट्या अमेरिकेत खपल्या. त्याआधीच्या वर्षी डिस्नेने ‘अलादीन’चा पुढचा भाग ‘द रिटर्न ऑफ जाफर’ चित्रपटगृहात न नेता थेट कॅसेटवर काढला होता. ‘द लँड बिफोर टाइम’ हा डायनोसॉरच्या पिलांचा चित्रपट 1988 मध्ये पडद्यावर आला. पुढचे सगळे 13 भाग घरच्या पडद्यासाठीच निघाले. एका बालपटाची लांबलचक मालिका करण्याची रीत अशी कॅसेटमुळे पक्की झाली.

भारतात हीच गोष्ट वाचनालयाच्या वाटेने आली, आणि तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईचे आहे. शेमारू ही संस्था 1962 साली पुस्तके घरी वाचायला देणारे वाचनालय म्हणून सुरू झाली. 1979 मध्ये तिने व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि 1987 पासून चित्रपटांचे हक्क घेऊन कॅसेट वितरित करू लागली. 1982 च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले होते, व्हीसीआरही वाढत होते. चोरट्या कॅसेटना आळा घालण्यासाठी सरकारने 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यात 52-अ हे कलम घातले. त्यानुसार व्हिडिओ कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, कॅसेट काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक झाले. अधिकृत माल ओळखण्याची ती खूण ठरली.

सीडीने हे सारे स्वस्त केले. व्हीसीडीचे, म्हणजे व्हिडिओ सीडीचे, तांत्रिक मानक 1993 मध्ये ठरले. 12 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 1.2 मिलिमीटर जाडीच्या चकतीवर 74 मिनिटांचे चित्र मावे, म्हणून दीड तासाच्या चित्रपटालाही दोन सीडी लागत आणि ऐन रंगात आल्यावर उठून दुसरी लावावी लागे. कारखान्यात वितळलेले पॉलिकार्बोनेट साच्यात दाबून चकती तयार होते. साच्यावरचे सूक्ष्म खड्डे तिच्यावर उमटतात, मग ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेसारखे संरक्षक आवरण आणि शेवटी छपाई. कॅसेटची फीत भरायला जो वेळ लागे तो इथे उरलाच नाही. चित्र मात्र 352 गुणिले 288 बिंदूंचे असे. शिवाय ते सीडीत मावावे म्हणून दाबलेले (कॉम्प्रेस केलेले) असल्यामुळे कार्टूनच्या ठळक काळ्या रेषांभोवती धूसर ठिपके थरथरत. साध्या चित्रपटापेक्षा ॲनिमेशनमध्ये हा दोष अधिक डोळ्यांत भरे.

भाषेचा प्रश्न याहून महत्त्वाचा, आणि दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासासारख्या ठिकाणी तो नीट समजतो. या प्रदेशात करसवलतींमुळे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग देशभरची माणसे आली. प्रदेशाची लोकसंख्या 2001 मध्ये 2,20,490 होती, ती 2011 मध्ये 3,43,709 झाली. गुजराती, मराठी, हिंदी, वारली आणि कोकणा बोलणारी घरे इथे शेजारी-शेजारी राहतात. अशा गावात इंग्रजी आवाजाचे कार्टून लहान मुलाच्या उपयोगाचे नसते. हिंदीत भाषांतरित आवाज असला तरच सीडी सगळ्यांच्या कामाची. व्हीसीडीच्या डाव्या-उजव्या वाहिन्यांवर फार तर दोन भाषा बसत. 1996 मध्ये जपानमध्ये आलेल्या डीव्हीडीवर आठ भाषांच्या आवाजाची सोय झाली. तरी अमेरिकेतल्या आप्तांनी पाठवलेली डीव्हीडी इथे चालेलच असे नसे, कारण डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांसाठी काढल्या जात, आणि अमेरिका विभाग 1 मध्ये तर भारत विभाग 5 मध्ये होता.

देशी मालिका त्यानंतरच्या. व्ही. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ 21 ऑक्टोबर 2005 रोजी प्रदर्शित झाला आणि देशी ॲनिमेशनला प्रेक्षक आहे हे त्याने सिद्ध केले. 2007 मध्ये ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. त्याच वर्षी शेमारूने ‘बाल गणेश’ काढला. कधीकाळी पुस्तके घरी वाचायला देणारी संस्था आता स्वतःच चित्रपट करून त्याची सीडी विकत होती. 2009 आणि 2015 मध्ये ‘बाल गणेश’चे पुढचे भाग आले. गणपती आणि मारुती ही मुलांच्या ओळखीची, गोष्टींनी भरलेली दैवते. एका चित्रपटात ती संपत नाहीत, म्हणून मालिकेला ती अगदी योग्य ठरली.

2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. चोरट्या सीडीच्या किमतीला अधिकृत सीडी मिळू लागली, हे या कुळकथेतले सर्वांत मोठे लोकहिताचे पाऊल. पण मोबाइल आणि इंटरनेटने थोड्याच वर्षांत हा बाजार गिळला. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि मोझर बेअर 2018 मध्ये अवसायनात गेली.

घरात अशी जुनी सीडी असेल तर तिचे वेष्टन टाकू नये. त्यावरच्या प्रमाणपत्राच्या क्रमांक-तारखेवरून ते प्रमाणपत्र कधी मिळाले आणि वितरकाच्या नाव-पत्त्यावरून ती आवृत्ती कोणी काढली, हे कळते.