सर्वसाक्षीचा जबाब

अंगात जाड कोट असू द्या. हा आपला ‘ऑक्टोबर हीट’वाला ऑक्टोबर नव्हे, गाव ब्रसेल्स, साल १९२७. हॉटेलात नाश्त्याच्या वेळी तुम्ही कोपऱ्यातलं टेबल धरून बसला आहात. भौतिकशास्त्राच्या पाचव्या सॉल्व्हे परिषदेच्या फोटोत एकोणतीस जण असणार, त्यातल्या सतरा जणांच्या नावावर आज ना उद्या नोबेल. तुम्ही तिसावे, आगंतुक. मान खाली घालून कॉफी प्या.

तुमची पंचाईत अशी, की तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. अध्यक्षपद सांभाळणारे वृद्ध लॉरेंट्झ येत्या फेब्रुवारीत जाणार. इथे ज्याच्या नव्या कल्पनेला फारसं कुणी विचारणार नाही, त्या लुई डी ब्रॉग्लीला आधीच्या कामासाठी दोन वर्षांत नोबेल मिळणार. पण हे घडणार ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणून नव्हे. घडलं, म्हणून तुम्हाला ठाऊक. बोएथियस या रोमन विद्वानानं सहाव्या शतकात, कैदेत मरणाची वाट पाहताना, देवाविषयी साधारण हेच लिहिलं होतं. देव पुढचं आधी बघत नाही, त्याला सगळा काळ एकदम समोर असतो. आठवडाभर तो मान तुमच्याकडे.

पलीकडे आइन्स्टाइन रंगात आलेत. हायझेनबर्ग नावाच्या पंचविशीतल्या पोरानं याच वर्षी मांडलंय की कणाचं स्थान जितकं नेमकं धराल तितका त्याचा संवेग निसटतो. आइन्स्टाइनना हे पचत नाही. सकाळ झाली की ते मनातल्या मनात रचलेलं एखादं यंत्र घेऊन नाश्त्याला येतात. त्यातलं एक असं: पडद्याला दोन फटी, मागे फोटोची काच. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी काचेवर हळूहळू उजळ-काळे पट्टे उमटतील, जणू प्रत्येकाला दोन्ही फटींचा पत्ता आहे. आता पडदा स्प्रिंगवर टांगा आणि कण जाताना त्याला बसलेला हलकासा धक्का मोजा. वाटही कळली, पट्टेही राहिले!

हायझेनबर्गची बाजू घेणारे बोर दिवसभर पुटपुटत फिरतात. त्यांचं बोलणं जवळ बसूनही नीट ऐकू येत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत उत्तर तयार: एवढासा धक्का मोजायचा तर पडद्याचा संवेग आधी काटेकोर ठाऊक हवा, आणि तो ठाऊक करून घेतला की पडद्याचं स्वतःचं स्थान डळमळतं. तेवढ्यानंच पट्टे पुसले जातात.

जेवणानंतर तरुण मंडळी हॉटेलातच गप्पा मारत बसतात. विषय देव, ज्याचं नाव आइन्स्टाइन वारंवार घेतात. एरवी मोजकं बोलणारा डिरॅक धर्मावर तुटून पडतो. पाउली शेवटी म्हणतो, डिरॅकचाही एक धर्म आहेच: देव नाही, आणि डिरॅक त्याचा प्रेषित. सगळे हसतात, डिरॅकसुद्धा. चाळीसेक वर्षांनी हायझेनबर्ग आठवणींत हे लिहील, म्हणून तर तुम्हाला ते कळलं.

आणि इथेच तुमची सर्वज्ञता अडते. तो इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला? तुम्ही येताना पुढच्या शंभर वर्षांची पुस्तकं वाचून आलात, एकातही ते नाही. बोएथियसचा देव उद्याचा ठिपका काचेवर कुठे पडेल ते बघेल, कारण ठिपका पडतो. पण वाट? बोर यांच्या बाजूनं बोलायचं तर तिथे जाणण्याजोगं काही नाहीच. सशाच्या शिंगाची लांबी माहीत नाही म्हणून देवाला कुणी अडाणी ठरवत नाही. डी ब्रॉग्लीची ती नवी कल्पना खरी असेल, लाट वाट दाखवते आणि कण ठरावीक वाटेनं जातो, तर देवाला ती ठाऊक असायला हरकत नाही. मात्र १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल दाखवून देईल, की अशा वाटा मानायच्या तर दूरदूरच्या कणांनी एकमेकांची तत्काळ दखल घेतली पाहिजे. आइन्स्टाइनना हे औषध दुखण्याहून कडू लागलं असतं.

आपण देवाला सर्वसाक्षी म्हणतो. इथे बसल्यावर तो शब्द जरा जड वाटायला लागतो. पाहिलेलं सांगतो तो साक्षीदार. पण वाटेची खूण कुठेही उरली, हवेच्या रेणूवर किंवा भरकटलेल्या प्रकाशकणावर, आणि ती कुणी वाचो न वाचो, पट्टे गेलेच. म्हणजे पट्टे शाबूत आहेत तोवर जगात कुठेही जबाब नोंदवला गेलेला नाही. देवानं पाहिलं असेल तर कशालाही न शिवता, काही न उमटवता. आपल्याला तर उजेड आदळल्याशिवाय समोरची भिंत दिसत नाही. माझ्या मते या सगळ्यात अडचणीत येतो तो देव कमी, ‘जाणणं’ हे क्रियापद जास्त.

फोटोच्या दिवशी तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे राहता. पहिल्या रांगेत मारी क्यूरी, मध्यभागी आइन्स्टाइन, मागे उभा हायझेनबर्ग. मोजून एकोणतीस चेहरे. तिकडे हॉटेलात वेटरनं तुमचा कप उचलला आहे. तळाशी न विरघळलेली साखर आहे, आणि कडेला ओठांची खूण.