फोकस वर आहे

मोटारसायकलवाल्याच्या चुका सांगायला आपल्याकडे अख्खा समाज टपलेला असतो. 'ओ, स्टँड!' ही पहिली हाक. मागे बाईमाणूस असेल तर 'ताई, पदर!' ही दुसरी. तिसरी चूक तोंडाने सांगत नाहीत, ती पंजाची उघडझाप करून सांगतात: लाइट चालू आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो, विझवायचं बटणच नसतं, हे एवढ्या वर्षांत सगळ्यांना कळायला हवं होतं. तरी परवा नारायणगावात एका आजोबांनी माझ्या भाच्याला भर दुपारी थांबवून, बॅटरी उतरेल म्हणून काळजीने समजावलं.

चौथी चूक मात्र कोणी सांगत नाही. फोकस वर आहे, ही ती. ती ज्याला दिसते त्याला त्या क्षणी दुसरं काहीच दिसत नसतं. तो सांगणार काय आणि कोणाला?

पूर्वी असं नव्हतं. पालखीपुढे मशालजी चालत, तेव्हा फोकस म्हणजे एक जिताजागता माणूस होता. मशाल कोणाच्या डोळ्यांवर आली की 'जरा खाली धर रे' म्हणायची सोय होती आणि तो खाली धरायचा. बैलगाडीचं तर याहून शहाणपणाचं. गाडीच्या आखाला खाली कंदील टांगलेला असे. त्याच्या उजेडात गाडीवानाला काहीही दिसत नसे, आणि दिसायची गरजही नव्हती. वाट बैलांना पाठ असे. कंदील होता तो इतरांना गाडी दिसावी म्हणून. दिवा दुसऱ्यासाठी असतो, ही कल्पना आम्ही पुढे मोटारी आल्यावर मोडीत काढली. दोन हजार वर्षं जुन्नरकडे माल नाणेघाटाने चढत होता. तिथे जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे, पण कोणाचे डोळे दिपले म्हणून दंड भरल्याची कथा काही ऐकिवात नाही.

मोटारसायकलीला पहिल्यांदा लागला तो कार्बाइडचा दिवा. वरच्या टाकीतलं पाणी थेंबथेंब कार्बाइडवर पडायचं, त्यातून गॅस निघायचा, तो पेटवायचा. त्याला लसणीसारखा वास येई. (हेच कार्बाइड पुढे आंबे पिकवायला गेलं आणि तिथेही बंदी ओढवून बसलं.) समोरून कोणी आलं तर हा दिवा खाली करायचा म्हणजे अख्खा दिवाच वाकवायचा. १९२०च्या दशकात एका बल्बमध्ये दोन तारा बसवायची युक्ती निघाली, एक लांबच्यासाठी आणि एक जवळच्यासाठी, आणि आपल्याकडे ज्याला अप्पर-डिपर म्हणतात त्याचा जन्म झाला. पण तारा दोन असोत की चार, दिवा बसवलाच वाकडा असेल तर डिपरसुद्धा अप्परच.

हे मला १९८३च्या दिवाळीत कळलं.

माझ्याकडे तेव्हा साडेतीनशेची बुलेट होती. दिवा सहा व्होल्टचा. त्याच्या उजेडात रस्ता दिसत नसे, अंदाज येत असे. अशा दिव्याचा मालक डिपर वापरत नाही. आहे तो उजेड तरी पुरता मिळू दे, असा त्याचा हिशेब. सासुरवाडी घोडेगावची. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. ज्याच्या नावाचा तालुका ते आंबेगाव पुढे डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तर पुण्याहून निघालो तेव्हा मागे सौभाग्यवती, तिच्या मागे कॅरिअरला बांधलेली लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर फराळाचा डबा. चाकण, खेड, मंचर होईपर्यंत काळोख पडला. दिवाळीतली रात्र, म्हणजे चंद्राची सुट्टी. मंचरला डावीकडे वळून घोडेगावच्या रस्त्याला लागलो आणि मला फार समाधान वाटलं, कारण रस्त्याकडेच्या चिंचेची पानं मला एकेक मोजता येत होती. उजेड बघा कसा पडतोय, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलंही. 'झाडावर पडतोय,' ती म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

समोरून भाताच्या भाऱ्यांची गाडी येत होती. मला ती दिसली तेव्हा बैल उभे राहिलेले होते. मग डावीकडचा बिचकला, जू ओढलं, आणि गाडीचं एक चाक चरीत गेलं. भारे घसरले. बैल गुडघ्यावर आला.

मी गाडी थांबवून धावलो. गाडीवान भाऱ्यांतून उठला, आधी बैलाकडे गेला, त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवला, हाताला लागलेलं रक्त धोतराला पुसलं आणि मग मला म्हणाला, ''डोळ्यात सूर्य घातला की वो सायेब.'' शिवी नाही, काही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बायकोने गाडीवरून उतरून भारे उचलायला सुरुवात केली होती.

चुकीचं गणित पुढे मांडलं तेव्हा ते शाळेतल्या मुलालाही सुटेल असं निघालं. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण ५४ इंच. मागे बायको आणि ट्रंक, म्हणून मागची बाजू बसली दोन इंच. म्हणजे गाडीने नाक वर केलं दोन अंशांनी. दोन अंश ते काय! पण ८० फुटांवर प्रकाश त्याने तीन फूट वर जातो. दिवा मुळात जमिनीपासून तीन फुटांवर. तीन आणि तीन सहा. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोळे बरोबर तिथेच असतात.

सासऱ्यांनी पैशांचा विषय मिटवला; कसा, ते मला सांगितलं नाही. पण बैल महिनाभर जुंपता आला नाही आणि त्या माणसाने हरभरा शेजाऱ्याचा बैल सावडीनं घेऊन पेरला, हे बायकोने मला नंतर दोन-तीनदा सांगितलं. 'जावईबापू, बत्ती तेवढी बघून घ्या,' एवढंच सासरे म्हणाले. त्यांनी तेलइंजिनाचे पंप दुरुस्त करणारा एक फिटर बोलावला.

फिटर म्हणाला, सपाट जागा पाहिजे आणि सरळ भिंत पाहिजे. आता घोडेगावच्या बाजूला सपाट पंचवीस फूट शोधणं म्हणजे काय ते तिकडे गेलेल्यालाच कळेल. जिथे तांब्याभर पाणी ओतावं तिथून ते घोड नदीकडे निघे. शेवटी शाळेचं पटांगण पसंत पडलं. भिंतीवर लाल त्रिकोण आणि 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब' रंगवलेलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, आम्ही कामाला लागलो. आधी दोन्ही चाकांत हवा. मग गाडी स्टँडवरून काढून सरळ उभी. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून तेवढीच खडूची आडवी रेघ भिंतीवर, ती नेमकी 'सुखी'च्या पोटातून गेली. तिच्याखाली दोन इंचांवर दुसरी. भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी. 'आता बसा,' फिटर म्हणाला. मी बसलो. 'वहिनी बी. अन् ट्रंक बी.' कारण रिकाम्या गाडीचा फोकस रिकाम्या गाडीलाच उपयोगी. तर भाऊबीजेला, नव्या साडीत, ट्रंकेला टेकून, शाळेच्या भिंतीकडे तोंड करून माझी बायको बसली आणि गावातली पोरं भोवती गोळा झाली. दिव्याचा स्क्रू सैल केला, अप्पर लावला. उजेडाचा गोळा कौलांवर! फिटर दिवा बोटाबोटाने खाली आणू लागला. 'अहो, अजून किती वेळ?' मागून आवाज. गोळ्याचा मध्य खालच्या रेघेवर आला तसा त्याने स्क्रू आवळला.

मग फिटरने सगळ्यात चांगली गोष्ट केली. बघायला आलेल्यांत तो गाडीवानही होता. फिटरने त्याला भिंतीपाशी ओट्यावर बसवलं आणि डिपर लावून विचारलं, ''काय दिसतंय?''

''सायेब दिसतंय,'' तो म्हणाला. ''मागं बाई बी दिसतीया.''

पुढे १९८९ साली केंद्राचे मोटार वाहन नियम आले. त्यातला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला दिपवता कामा नये. पंचवीस फूट म्हणजे ८ मीटरला थोडे कमी. ही जी कोणी व्यक्ती तिथे उभी कल्पिली आहे ती कोण, हे नियमात लिहिलेलं नाही. मी वाचलं तेव्हा ती भाताचा पेंढा झटकत होती.

या मुलखाला नेम धरण्याचं वावडं आहे असंही नाही. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा तीस, कितीतरी किलोमीटरवर पसरलेल्या, आणि साऱ्या एकाच वेळी आकाशातल्या एकाच बिंदूकडे तोंड करतात. तिथून नारायणगावला यावं तर समोरच्या प्रत्येक गाडीचा दिवाही त्याच बिंदूकडे. उसातून बिबट्या निघेल म्हणून लोक अप्पर लावतात हे खरं, पण त्या उजेडात बिबट्या दिसण्याआधी समोरचा सायकलवाला दिसेनासा होतो. माळशेजच्या धुक्यात तर अप्पर लावला की पुढे चुन्याची भिंतच उभी राहते. तिथे मात्र ताबडतोब खाली करतात. स्वतःचे डोळे दिपतात ना.

पाडव्याला फोकस बिघडला, भाऊबीजेला नीट झाला. दुसऱ्या दिवशी मला कामावर हजर व्हायचं होतं. बायको आठ दिवस माहेरी राहणार, ट्रंकही तिथेच. मी एकटा निघालो. मागची बाजू दोन इंच वर आली. मंचरच्या पुढे अंधार पडला, मी दिवा लावला, आणि पुण्यापर्यंत माझं पुढचं मडगार्ड मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यावरचे गंजाचे ठिपके मी घरी येईपर्यंत मोजले. अकरा होते.