व्यक्तित्वकल्पना : पवनीचे दानलेख

व्यक्तित्वकल्पना, समूहप्रधान संस्कृतींतील : माणूस हा सुटा, स्वयंपूर्ण घटक नसून नाती, गाव, व्यवसाय व श्रद्धा यांतून घडतो, ही धारणा. व्यक्तीच्या कल्पनेलाही इतिहास असतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1938 मध्ये दाखवून दिले. अन्न, दान आदींच्या देवाणघेवाणीतून भारतीय माणूस घडत राहतो, म्हणून तो ‘विभाज्य’ आहे, असे मॅकिम मॅरियट यांनी 1976 मध्ये मांडले. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनी येथे ही धारणा दगडावर वाचता येते.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूप उघडकीस आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दात्यांचे ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहेत. स्तूप एकच, पण त्याचा कठडा अनेकांच्या दानातून उभा राहिला. एका लेखात नाग नावाच्या दात्याची ओळख ‘पचनेकायिक’, म्हणजे पाच निकायांचा (बौद्ध ग्रंथसंग्रहांचा) जाणकार, अशी दिली आहे. दुसऱ्या एका लेखात विसमिता हिने आपले दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी दिले आहे. नाव तिचे, पण पुण्य सर्वांचे. नित्य आत्मा नाकारणाऱ्या धर्माच्या वास्तूवर दात्याचे नाव जपून कोरले गेले, ही बाब महत्त्वाची आहे. समूहात माणूस पुसला जातो, हा समज या लेखांपुढे टिकत नाही.

पवनीलाच महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ मिळाला. मृताच्या स्मारकाला येथे ‘छाया’ म्हटले आहे. नात्यांतून ओळख देण्याची पद्धत पवनीबाहेरही दिसते: नाशिकच्या लेण्यातील लेखात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी देते; तिच्या मुलाच्या ‘गौतमीपुत्र’ या नावात तिचेच नाव आहे.

दानावर नाव आणि नाते नोंदवण्याची ही रीत आजही चालू आहे. देवळाच्या पायरीवर, विहाराच्या फरशीवर, शाळेच्या पंख्याच्या पात्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असे लिहिलेले आढळते. देणारा आपल्या नावाशेजारी आईवडिलांचे नाव घालतो आणि वस्तू सर्वांच्या वापरात येते. माणूस मोठा होतो तो इतरांपासून वेगळा पडून नव्हे, तर त्यांच्या उपयोगी पडून, हा विचार विसमितेच्या दगडापासून या पंख्यापर्यंत टिकून आहे.