रेवस किनाऱ्यावरील जुने दूरदर्शन संच : स्वच्छता, दुरुस्ती आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि अलिबाग तालुक्यातील या छोट्या बंदराचे नाव इतिहासात नोंदले गेले. मोठ्या घटनांची अशी नोंद होते. घरातील नित्य वापराच्या वस्तूंची मात्र सहसा होत नाही. धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेल्या रेवसचा मुंबईशी संबंध केवळ भाऊच्या धक्क्यावरील लाँचपुरता मर्यादित नव्हता; १९७२ नंतर तो दूरदर्शनच्या लहरींमधूनही घडत गेला. त्या संबंधाची साक्ष देणारे जुने दूरदर्शन संच आणि त्यांना जोडले जाणारे व्हिडिओ गेम यांच्या पुनरुज्जीवनाचा इतिहासलेखनाच्या दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

किनारा आणि प्रक्षेपण

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. वरळीच्या मनोऱ्यापासून रेवसचे हवाई अंतर सुमारे २५ किलोमीटर असून त्यातील बराचसा पट्टा समुद्राचा आहे. ग्रामीण महाराष्ट्राच्या मोठ्या भागात सहक्षेपण केंद्रे १९८० च्या दशकात पोहोचली. मुंबईसमोरील हा किनारा मात्र आरंभापासूनच तिच्या प्रक्षेपणाच्या टप्प्यात होता. वायव्येकडे तोंड करून उभा केलेला ॲन्टेना हे या भौगोलिक संबंधाचे दृश्य चिन्ह होय. ‘आमची माती, आमची माणसं’ किंवा ‘गजरा’ यांसारखे कार्यक्रम ज्या संचांवर पाहिले जात, ते ईसी, टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राऊन अशा नावांचे, बहुधा लाकडी कॅबिनेटचे व कृष्णधवल असत. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि हे संच हळूहळू माळ्यावर गेले.

खाऱ्या हवेचे परिणाम

हवेतील क्षार धुळीबरोबर संचाच्या आत साचतात. ते ओलावा शोषून घेतात. परिणामी सर्किटवरील तांब्याचे पट्टे हिरवट होऊन झिजतात आणि चासी गंजते. कालांतराने कपॅसिटरमधील द्रव सुकतो, झाळलेले सांधे सैल होतात. अशा संचाला थेट वीजपुरवठा देणे धोक्याचे असते. शिवाय प्लग काढल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून तो प्रथम जाणकाराकडून उतरवून घ्यावा लागतो. त्यानंतर मऊ ब्रशने धूळ काढणे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट पुसणे, ते पूर्ण वाळू देणे आणि निकामी भाग बदलणे, असा क्रम असतो.

स्वच्छता की पुरावानाश?

इतिहासकाराचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. तुटलेल्या बटणाऐवजी बसविलेले दुसऱ्याच संचाचे बटण, गंजलेल्या स्क्रूच्या जागी बांधलेली तार, मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेली तारीख हे दोष नसून संचाच्या आयुष्याचे दस्तऐवज आहेत. टंचाईच्या काळात वस्तू कशी टिकविली गेली, हे त्यांतून समजते. कॅबिनेट घासून नवे पॉलिश चढविले की हा पुरावा कायमचा नष्ट होतो. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला हायड्रोजन पेरॉक्साइडने पुन्हा पांढरे करणे हीसुद्धा मागे न घेता येणारी प्रक्रिया आहे.

व्हिडिओ गेमचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. १९९० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या गेमची कॅसेट चालेनाशी झाली की मुले तिच्यात फुंकर मारीत. श्वासातील ओलाव्यामुळे धातूचे संपर्कबिंदू अधिकच खराब होत. आज ते हलक्या हाताने पुसले जातात. हे गेम संचाच्या ॲन्टेना-जोडणीतून चित्र पुरवीत. प्रसार भारतीने २०२२ पर्यंत बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपक बंद केल्यामुळे, दुरुस्त झालेल्या जुन्या संचावर केवळ ॲन्टेना लावून आता मुंग्याच दिसतात. जो खेळ कार्यक्रमांच्या वेळी संच अडवून ठेवतो म्हणून घरोघरी नकोसा वाटे, तोच आज त्या संचावर चित्र उमटवू शकणाऱ्या मोजक्या साधनांपैकी एक आहे.

निष्कर्ष

ई-कचऱ्याविषयीचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आले. रंगीत पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असल्याने ते आवश्यकच आहेत. तथापि भंगारात जाणाऱ्या प्रत्येक संचाबरोबर स्थानिक इतिहासाचे एक साधन नष्ट होते. सर्व संच जतन करणे शक्य नाही; नोंद करणे मात्र शक्य आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी एकत्रितपणे हे कार्य हाती घेता येईल. संच उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, बदललेल्या भागांची यादी ठेवावी, जुने भाग चिठ्ठी लावून जपावेत आणि मालक व मेकॅनिक यांच्या मौखिक आठवणी संकलित कराव्यात. संच पुन्हा चालू होणे हे तंत्रज्ञाचे यश होय. तो कसा चालविला गेला हे समजणे, हे इतिहासाचे प्रयोजन आहे. ज्यांनी हे संच विकत घेतले आणि ज्यांनी ते दुरुस्त केले, ती पिढी हयात आहे तोवरच हे कार्य होऊ शकते.