पोर्तुगीज भाषा आणि गोव्याचे उदमी-कारागीर

परमुलखात कामधंद्यास जाऊ इच्छिणारा एखादा सुतार, वीजकाम करणारा किंवा आचारी हल्ली हटकून एक प्रश्न विचारतो. तिकडची भाषा, मग ती स्पॅनिश असो वा पोर्तुगीज, शिकून घेतल्याने आम्हांस प्रत्यक्ष काही लाभ होतो काय? की हातात कसब असले म्हणजे पुरे? प्रश्न आजचा वाटतो खरा. पण गोमंतकात तो पाचशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. आपल्या पूर्वजांनी त्याचे उत्तर व्यवहाराने दिले. ते उत्तर सरळ एका शब्दात देता येण्याजोगे नाही, म्हणूनच ते नीट पाहणे अगत्याचे आहे.

इ. स. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क ह्याने गोवा घेतला. जिंकणारे लोक संख्येने थोडे होते. त्यांस तांदूळ हवा होता, कापड हवे होते, गलबतांच्या डागडुजीस सुतार हवे होते, आजारीपणात वैद्य हवा होता आणि गावोगावचा महसूल वसूल करून देणारा माणूसही हवा होता. ह्यांतले काहीच स्थानिक लोकांवाचून होण्यासारखे नव्हते. तेव्हा प्रारंभी भाषेची गरज अधिक होती ती राज्यकर्त्यांस. मात्र थोड्याच वर्षांत परिस्थिती पालटली. ज्याच्या हाती नोकरी, मक्ता आणि परवाना असतो त्याच्या भाषेकडे लोक आपोआप वळतात, ह्या नियमाने गोव्यातील उदमी मंडळी पोर्तुगीज बोलू लागली.

कारागिरांपैकी पहिले मोठे नाव राउळू शेट ह्या सोनाराचे. पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव वेडेवाकडे लिहिलेले आढळते. आल्बुकेर्कसाठी त्याने काम केले, आणि १५१८ च्या सुमारास तो थेट लिस्बनला जाऊन राजा मानुएल ह्याच्यासाठी दागिने घडवून परत गोव्यास आला. एका हिंदू सोनाराने त्या काळी एवढा समुद्र ओलांडून जावे आणि आपला धंदा करून माघारी यावे, ही गोष्ट लहान नव्हे. त्याला राजवाड्यापर्यंत पोचविले ते मुख्यतः त्याच्या हाताने. सोन्याचा कस, नक्षीची बारीक रेघ आणि खड्याची बसवण ही दुभाष्याशिवायही समजते.

वैद्यांची गोष्ट निराळी. रोग्याचे दुखणे विचारून घ्यावे लागते, औषधाचे पथ्य सांगावे लागते. तेथे जिभेवाचून निभाव लागत नाही. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्या संवादांत मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य बोलताना दिसतो. ग्रंथकाराने आपल्या ज्ञानाचा काही भाग अशा वैद्यांकडून घेतला, हे तो स्वतः लपवीत नाही. पुढे ह्या वैद्यांचा धंदा इतका चालू लागला की १६१८ साली गोव्याच्या नगरपालिकेने परीक्षा आणि परवाने ह्यांचा नियम काढून हिंदू वैद्यांची संख्या तीसपुरती मर्यादित केली. धंदा बुडत असता तर असा नियम करण्याची गरजच पडली नसती.

आता सामान्य कारागिरांकडे वळू. सुतार, गवंडी, लोहार ह्यांनी पोर्तुगीज व्याकरण घोकले नाही. त्यांनी शब्द उचलले, आणि नेमके कामापुरते उचलले. आज मराठी बोलणारा कोणताही कामगार चावी, बिजागरी, घमेले, पिंप, बालदी हे शब्द वापरतो. आठवड्याअखेर पगार घेतो. दुकान मोडले तर मालाचा लिलाव होतो. हे सारे शब्द पोर्तुगीजांतून आले आहेत. कोंकणीत तर धंद्यांची नावेच तशी पडली. पाव भाजणारा तो पदेर आणि माडाची सूर काढणारा तो रेंदेर. ह्यातला रेंदेर हा शब्द विशेष बोलका आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ इजारदार, म्हणजे मक्ता घेणारा. माडांवरचा कर भरता भरता तो शब्द माडावर चढणाऱ्या माणसालाच चिकटला. सुताराला गोव्यात मेस्त म्हणतात. तोही पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चाच वंशज, आणि त्याचे भावंड मेस्त्री हे घाटावरही प्रसिद्ध आहे.

पण शब्द घेणे म्हणजे भाषा घेणे नव्हे. ज्याने केवळ हत्यारांची आणि मालाची नावे उचलली त्याचे काम चालले. कामाचा भाव ठरविण्याचा अधिकार मात्र त्याच्या हाती आला नाही. करारनामा वाचणारा, अर्ज लिहिणारा आणि कचेरीत उभा राहून बोलणारा तिसराच कोणी असे. चर्चच्या मूर्ती आणि उपकरणे हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असे हुकूम सोळाव्या शतकाच्या मध्यापासून निघत होते, आणि १५६७ च्या गोव्यातील पहिल्या धर्मपरिषदेनेही ती बंदी घातली. बंदी पुनःपुन्हा घालावी लागली ह्याचा अर्थ काम चालूच होते. तथापि अशा हुकुमाविरुद्ध दाद मागायची तर ती ज्या भाषेत मागावी लागे ती कारागिराच्या ओठांवर नव्हती. त्याचे कसब त्याला जगवीत होते. त्याचे रक्षण करण्यास ते पुरेसे नव्हते.

भाषेचा खरा लाभ घेतला तो मक्तेदार, दलाल आणि दुभाष्यांनी. सतराव्या शतकात पोर्तुगीज सरकार आपले अनेक कर मक्त्याने देत असे, आणि ह्या मक्त्यांचा फार मोठा भाग हिंदूंच्या, त्यांतही सारस्वतांच्या, हाती होता. एकीकडे इन्क्विझिशनची धास्ती (ती संस्था १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीची काही वर्षे वगळता, चालू होती) आणि दुसरीकडे त्याच सरकारच्या तिजोरीचा भरवसा ह्या हिंदूंवर, असा विलक्षण प्रकार होता. राजकारणातही तेच. १६६७ साली शिवाजी महाराज आणि पोर्तुगीज ह्यांच्यात तह झाला, त्या वाटाघाटींत गोव्याकडून रामाजी शेणवी कोठारी हा वकील होता. इकडे मुंबईचे इंग्रज १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडास गेले, तेव्हा त्यांचे बोलणे नारायण शेणवी ह्या दुभाष्यामार्फत झाले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत पोर्तुगीज ही सर्व फिरंग्यांची व्यवहारभाषा होती. इतकी की, १६९८ च्या सनदेने इंग्रज कंपनीच्या पाद्र्यांस हिंदुस्थानात आल्यापासून एका वर्षात पोर्तुगीज शिकण्याची सक्ती केली होती. म्हणजे गोव्यात शिकलेली भाषा मुंबईस आणि मलबारातही उपयोगी पडत असे.

ह्या माणसांस मोल आले ते दोन्ही भाषा येत होत्या म्हणून, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ पोर्तुगीज बोलणारे लिस्बनहून दर वर्षी गलबतातून येतच होते. दुसऱ्या बाजूचे मन, तिचे पत्र आणि तिचा शिष्टाचार जाणणारा तो शेणवी दुर्मीळ होता. त्याची कोंकणी आणि मराठी काढून घेतली असती तर त्याच्यापाशी विकण्याजोगे काहीच उरले नसते.

नेमकी हीच गोष्ट विजरई कोंद द आल्व्होर ह्यास उमगली नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीने गोवा हादरला होता. त्यानंतर २७ जून १६८४ रोजी ह्या विजरईने हुकूम काढला की, स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. तीन वर्षे गेली, तीनशेही गेली. कोंकणी घराघरांत राहिली. ह्याउलट उदाहरण फादर स्टीफन्सचे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या ह्या इंग्रज पाद्र्याने येथील भाषा शिकून घेतल्या, मराठीत ओव्या रचल्या (त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले), आणि कोंकणीचे व्याकरण लिहिले; ते त्याच्या निधनानंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू आपणांस रुचो वा न रुचो, त्याचे कार्य साधले, कारण गरज ओळखून तो स्वतः शिकला. हुकमाने शिकविलेली भाषा ओठांवरच राहिली, आणि गरजेने शिकलेली मात्र कामास आली.

आपल्या देवस्थानांच्या इतिहासातून ह्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा ही दैवते सोळाव्या शतकात नदी ओलांडून अंत्रुज महालात आणली गेली, तेव्हा तो प्रदेश पोर्तुगीजांकडे नव्हता. फोंडे त्यांच्या हाती गेले ते १७६३ मध्ये. त्या काळच्या अनेक महाजनांचे जीवन ह्यामुळे दुभंगलेले होते. पोट नदीच्या एका तीरावर आणि कुलदैवत दुसऱ्या तीरावर. दिवसा कचेरीत पोर्तुगीज, घरी कोंकणी, देवळात पुराण-कीर्तन मराठीत. प्रत्येक भाषेला आपापला ओटा नेमून दिलेला होता आणि एकीने दुसरीचा ओटा बळकावला नाही.

आणि मराठी ही तरी केवळ देवळातली भाषा होती काय? नव्हे. गोमंतक आणि लगतच्या मुलखातील पुष्कळ हुशार तरुणांनी मोडी लेखणी हाती धरून सातारा, पुणे, ग्वाल्हेर गाठले. वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे नारो राम शेणवी रेगे हे शाहू महाराजांचे मंत्री झाले. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या आजच्या देवालयाची उभारणी त्यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखठणकर ह्यांच्या सांगण्यावरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव श्रीमंगेशास इनाम दिला. कोंकणी बोलणाऱ्या घरांतील मुलांनी दरबारी मराठी कमावली, तीही एका अर्थी कामधंद्यासाठीच, आणि त्या कमाईचा वाटा देवाच्या पायरीपर्यंत पोचला. ग्वाल्हेर-इंदुराकडील आपल्या वाचकांस हा वारसा निराळा सांगावयास नको.

लाभाची ही बाजू सांगताना धोक्याची बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दोन पक्षांच्या मध्ये उभा राहणारा माणूस दोघांसही संशयास्पद वाटतो. मुंबईचा रामा कामाठी हा शेणवी गृहस्थ इंग्रजांचा विश्वासू, फौजेचा सरदार, धनाढ्य व्यापारी. १७१५ मध्ये वाळकेश्वराचे देऊळ त्याने पुन्हा बांधविले. त्याच्यावर कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप येऊन १७२० मध्ये त्यास शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि तो बंदिवासातच १७२८ मध्ये वारला. पुराव्यादाखल पुढे केलेला कागद बनावट होता, हे नंतर उघडकीस आले. धन्याचा विश्वास संपादन करून देणारा व्यवहारच त्याच्या नाशाचे निमित्त झाला. म्हणून परक्यांची भाषा शिकणाऱ्याने तिच्यातील कागद वाचावयासही शिकले पाहिजे. नुसते बोलता येणे अर्धे शिक्षण होय.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातील हिंदूंस सरकारी शाळा आणि नोकऱ्या खऱ्या अर्थाने खुल्या झाल्या, आणि पोर्तुगीज शिकलेल्या हिंदू वकील-डॉक्टरांची पिढी उभी राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जी भाषा साडेचारशे वर्षे पोट भरीत होती तिचे कचेरीतले मोल झपाट्याने उतरले. ज्यांनी तिच्यावरच सर्व भिस्त ठेवली होती त्यांची पंचाईत झाली. ज्यांनी मराठी, कोंकणी वा इंग्रजी जवळ राखली होती ते नव्या व्यवस्थेत सामावले. तरीही ती भाषा अगदी निरुपयोगी झाली नाही. जमिनीचे जुने दस्तऐवज आणि गावकरीच्या नोंदी वाचणारा माणूस आजही शोधावा लागतो.

ह्या विद्येचे सर्वांत मोठे फळ व्यापारात मिळाले नाही, हेही नोंदविले पाहिजे. सत्तरीतील पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनी पोर्तुगीज आत्मसात केली, गोव्याच्या दप्तरखान्याचे काम पाहिले, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास त्या दप्तरांतून बाहेर काढला. पोर्तुगीजांच्या चाकरीतील हिंदू वकील-दुभाष्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याच्या व्यापारी दप्तरात पोर्तुगीज, फ्रेंच, गुजराती आणि मोडी मराठी असे कागद एकत्र सापडतात. एका पेढीला किती भाषा पोसाव्या लागत ह्याचा तो जिवंत पुरावा आहे. पोटासाठी शिकलेली भाषा अशा रीतीने आपल्याच इतिहासाची किल्ली ठरली.

तेव्हा परमुलखात निघालेल्या त्या सुताराला काय सांगावे? भाषा अवश्य शिकावी, पण लाभाची अपेक्षा शिकण्याच्या प्रमाणातच ठेवावी. हत्यारांची नावे कळली तर काम मिळेल. भाव, करार आणि कायदा ह्यांची भाषा कळली तर कामाचा मोबदला राखता येईल. आणि आपली भाषा मागे टाकून जाऊ नये, कारण दोन्ही तीरांवर पाय असणाऱ्यालाच होडी चालविता येते. आपले महाजन तशीच नदी ओलांडून रोज कामास जात, आणि संध्याकाळी आरतीस परत येत.