'रेंज नाही' म्हणजे नेमकं काय नाही? मोबाईल कंपन्यांच्या शब्दांचा सोपा अर्थ

पीएम किसानची ई-केवायसी असो, ई-पीक पाहणी असो की बँकेचा ओटीपी, शेतकऱ्याची बरीच कामं आता मोबाईलवर आलीत. नेटवर्क गेलं की काम अडतं. कस्टमर केअरला आपण एवढंच सांगतो, 'रेंज नाही.' तिकडून उत्तर येतं, 'फोन बंद करून चालू करा.' पण 'रेंज नाही' या दोन शब्दांमागं किमान चार वेगवेगळे बिघाड असतात. कोणता ते सांगता आलं तर तक्रारीला वजन येतं. म्हणून हे रोजच्या उपयोगाचे शब्द.

कव्हरेज
टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचतो की नाही, एवढाच याचा अर्थ. डोंगराआड, खोलगट भागात, जाड भिंतीच्या घरात सिग्नल पोचत नाही आणि काड्या दिसत नाहीत. कोणत्या गावात कव्हरेज आहे, याचा नकाशा कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर देणं आता बंधनकारक आहे. नकाशात तुमच्या गावात नेटवर्क दाखवलंय आणि प्रत्यक्षात नाही, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीला तो पुरावा आहे.

कपॅसिटी
काड्या पूर्ण आहेत, पण नेट फिरतच राहतं. इथं सिग्नल आहे, क्षमता कमी पडते. चारीला पाणी तेवढंच, पण मोटारी वाढल्या की प्रत्येकाची धार बारीक होते, तसंच हे. बाजाराच्या दिवशी, जत्रेत किंवा संध्याकाळी जेवणानंतर नेट मंद आणि पहाटे मात्र जोरात चालत असेल, तर अडचण बहुतेक कपॅसिटीची समजा.

बॅकहॉल
टॉवरपासून कंपनीच्या मुख्य नेटवर्कपर्यंतचा रस्ता म्हणजे बॅकहॉल. तो जमिनीतल्या फायबर केबलनं किंवा टॉवरवर दिसणाऱ्या गोल डिशमधून जातो. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की टॉवर उभा दिसतो, कधीकधी काड्याही दिसतात, पण फोन आणि नेट बंद पडतं.

बॅटरी बॅकअप
टॉवरलाही वीज लागते. लाईट गेली की तो बॅटरीवर चालतो, काही ठिकाणी डिझेल जनरेटरवर. लाईट गेल्यावर तास-दोन तासांनी रेंज जात असेल, तर बॅटरी कमजोर झालीय असं समजा. बरेच टॉवर मोबाईल कंपनीचे नसून वेगळ्या टॉवर कंपनीचे असतात. एकाच टॉवरवर दोन-तीन मोबाईल कंपन्या भाड्यानं असतात. म्हणून कधीकधी सगळ्यांची रेंज एकदमच जाते.

एमबी आणि एमबीपीएस
एमबी हे फाईलचं माप, एमबीपीएस हे वेगाचं. ८ एमबीपीएस वेग म्हणजे सेकंदाला १ एमबी. या वेगानं ४० एमबीचा व्हिडिओ उतरवायला साधारण ४० सेकंद लागतात, ५ नाही.

व्हॅलिडिटी
रिचार्ज किती दिवस चालेल ती मुदत. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षात १२ नाही, १३ वेळा रिचार्ज करावा लागतो. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं २०२२ मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीनं किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक ठेवलाच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे, नेट नसलेले पॅक देणंही बंधनकारक झालं. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. घरात आई-वडील साधा बटणाचा फोन वापरत असतील, तर दुकानदाराला हा पॅक मुद्दाम विचारा.

पोर्टिंग
नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो आपल्याकडे ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत. पण घाई नको. आधी शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम आपल्या घरात आणि शेतात चालतं का ते बघा. दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील आणि बिघाड बॅटरीचा असेल, तर पोर्ट करूनही फरक पडणार नाही.

एआरपीयू
एका ग्राहकामागं कंपनीला महिन्याला सरासरी किती पैसे मिळतात तो आकडा. पेपरात नेहमी येतो. उदाहरण म्हणून, वाडीवर ३०० ग्राहक आणि प्रत्येकी २०० रुपये धरले, तर महिन्याला ६० हजार होतात. त्यातून टॉवरचं भाडं, वीज, डिझेल, केबलचा खर्च निघायचा. शहरात एका टॉवरखाली खूप जास्त ग्राहक असतात. छोट्या गावाचा नंबर शेवटी का लागतो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

डिजिटल भारत निधी
हा हिशेब बसत नाही तिथं टॉवर आणि फायबर न्यायला केलेला सरकारी निधी. २००२ मध्ये तो यूएसओ फंड नावानं सुरू झाला, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं नाव बदललं. कंपन्यांच्या एजीआरवर, म्हणजे सरकारी हिशेबात धरलेल्या उत्पन्नावर, ५ टक्के रक्कम यात जाते. आपल्या रिचार्जमधूनच हा पैसा उभा राहतो. त्यामुळं गावाला नेटवर्क मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. ग्रामसभेचा ठराव करताना या निधीचं नाव घाला.

टॉवरचं भाडं
तुमच्या जमिनीवर टॉवर बसवला तर कंपनी तुम्हाला भाडं देते, तुम्ही कंपनीला काही द्यायचं नसतं. 'तुमच्या शेतात टॉवर मंजूर झालाय, आधी फाईलचे पैसे भरा' असा फोन आला तर ती फसवणूक समजा. ट्राय किंवा दूरसंचार विभाग असं पत्र देत नाही, फीही घेत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

डॉकेट नंबर
१९८ वर तक्रार केली की मिळणारा नोंद क्रमांक. तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. काम झालं नाही, तर याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि पुढं केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे लक्षात ठेवा.

तक्रार सांगताना 'रेंज नाही' एवढ्यावर थांबू नका. 'लाईट गेल्यावर दीड तासानं रेंज जाते, दोन्ही कंपन्यांची जाते, आठ दिवस झाले' असं सांगा. तारीख, वेळ आणि गावाचा पिनकोड द्या. गावातल्या दहा जणांनी अशी नेमकी तक्रार केली आणि दहा डॉकेट नंबर ठरावाला जोडले, तर 'फोन बंद करून चालू करा' एवढ्यावर बोळवण करणं कंपनीला जड जातं.