शिकारीच्या तंबूचा हिशेब

एकोणिसाव्या शतकात मध्य हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबाला बळकट तंबू हवा असला, की जबलपूरच्या उद्योगशाळेचे नाव पुढे येई. तिथले शिवणारे हात ठगांचे होते. विल्यम स्लीमनच्या मोहिमेत पकडलेल्या आणि साथीदारांची नावे सांगून फाशी चुकवलेल्या माफीच्या साक्षीदारांना, त्यांच्या मुलांसकट, १८३७ च्या सुमारास निघालेल्या या शाळेत सतरंज्या विणायला आणि तंबू शिवायला बसवले होते. वाटसरूंच्या मुक्कामात मिसळून ज्यांनी गळे आवळले, त्यांच्याच हातच्या कनातीआड साहेब निर्धास्त झोपत.

तंबूची किंमत ठरलेली असे. तो रानात नेऊन उभा करायचा, आतल्या मंडळींना खाऊपिऊ घालायचे आणि शेवटी वाघ त्यांच्या बंदुकीसमोर आणून सोडायचा, याचा खर्च मात्र धड कुठे लिहिलेला सापडत नाही. शिकारीच्या आठवणींची इंग्रजी पुस्तके ढिगाने आहेत. त्यांत वाघाची लांबी इंचापर्यंत मिळते, हाक्यावरच्या माणसाला काय मिळाले ते शोधावे लागते.

मोगलांनी निदान आकडे तरी ठेवले. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त बादशाही तळाच्या एका संचाची वाहतूक नोंदलेली आहे : १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, १०० हमाल. शिवाय १,००० फर्राश, ५०० बेलदार, १०० भिस्ती, १५० झाडूवाले. असे दोन संच असत. एकात बादशहा मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या टप्प्यावर उभा राही. १५६७ मध्ये लाहोरजवळ अकबराने कमरगा, म्हणजे जनावरांना वेढून करायची शिकार केली, तेव्हा सुमारे ५०,००० हाकारे महिनाभर जनावरे आत ढकलत होते आणि मग बादशहाने ५ दिवस रिंगणात शिकार केली. जहांगीर तर जमाखर्चाचा भोक्ता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांतली १७,१६७ आपल्या हातची, असे त्याने आत्मचरित्रात लिहवून घेतले. शिकारीच्या निमित्ताने बादशहा मुलखाची हालहवाल जाणून घेतो, असे अबुल फझल म्हणतो. दरबारी लेखकाने दुसरे काय म्हणावे! तरी त्यात तथ्यही होते. हजारो माणसांचा तळ एखाद्या सुभ्यातून शिकार करत गेला, की कोणी बंड करायचे की नाही याचा पुन्हा विचार करी.

इंग्रजांनी ही रीत थोडी छाटून उचलली. दिवाळी उलटली की जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर निघे तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. त्याच्याकडेही राहुट्यांचे दोन संच. रात्री जेवण झाले की एक संच बैलगाड्यांवर लादून पुढच्या गावाच्या आमराईकडे रवाना होई. सकाळी साहेब घोड्यावरून तितर, बदके टिपत तिथे पोचेपर्यंत कचेरीचे टेबल मांडून तयार असे. महसूल, तंटे आणि शिकार अशी तिन्ही कामे एकाच दौऱ्यात उरकत. कामासाठी शिकार की शिकारीसाठी काम, हा प्रश्न त्या काळातल्या पुष्कळ रोजनिशा वाचताना पडतो.

गाड्या कोणाच्या? गावकऱ्यांच्या. पिकाची कापणी आणि मळणी चालू असताना बैल नेमके याच दिवसांत साहेबाच्या सामानाला जुंपले जात. दूध, कोंबड्या, अंडी, सरपण, घोड्यांचे गवत ही रसद पाटलाने किंवा मालगुजाराने गोळा करायची. कागदावर तिचा दर ठरलेला असे आणि साहेब बहुधा पैसेही देई. ते पैसे खानसामा, जमादार, चपराशी अशा पायऱ्या उतरत गावापर्यंत किती पोचत, हे गावालाच ठाऊक.

कुमाऊँच्या डोंगरांत या प्रकाराला रीतसर नावे होती. कुली-उतार म्हणजे ठरलेल्या मजुरीवर सक्तीने सामान वाहणे, कुली-बेगार म्हणजे फुकट वाहणे, आणि कुली-बर्दायश म्हणजे साहेबाच्या मुक्कामाला शिधा पुरवणे. कोणाची पाळी कधी, याच्या नोंदवह्या गावप्रमुखांकडे असत. १४ जानेवारी १९२१ रोजी बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाकेवर लोकांनी त्या वह्या शरयू नदीत फेकून दिल्या. प्रथा मोडली. हिमालयात शिकारीला जाणाऱ्या साहेबांना त्यानंतर हमालासाठी घासाघीस करणे भाग पडले.

सातपुड्यात आणि विदर्भात अशी एखादी ठळक तारीख सापडत नाही. तिथला खर्च ऋतूंच्या आड लपलेला आहे. वाघाच्या शिकारीचा खरा हंगाम चैत्र-वैशाखाचा. पाने झडून रान मोकळे होते, ओढे आटतात, वाघ उरलेल्या डोहांजवळ घुटमळतो. साहेबाच्या दृष्टीने सगळे सोयीचे. पण याच दिवसांत पहाटे मोहाची फुले पडतात. ती वेचून, वाळवून ठेवली तरच गोंड-कोरकूंच्या घरात पावसाळ्यापर्यंत खायला आणि विकायला काही राहते. एका हाक्याला पन्नास-शंभर माणसे सहज लागत. अर्धवर्तुळ धरून ढोल, डबे बडवत पुढे सरकायचे. दोन्ही कडांना झाडांवर माणसे बसवायची, म्हणजे वाघ बगल देऊन निसटू लागला तर हलकी खाकरी काढून त्याला पुन्हा मचाणाकडे वळवता येते. दिवसाला काही आणे मजुरी. साहेबाचा नेम चुकला आणि वाघ जखमी होऊन मागे फिरला, तर त्याच्या वाटेत पहिला माणूस हाकाऱ्यांतला.

याशिवाय रेडके. वाघ कुठे आहे हे कळावे म्हणून रोज संध्याकाळी चार-पाच ठिकाणी रेडके बांधत. सकाळी शिकारी फेरी मारून गारा झाला का, म्हणजे वाघाने रेडकू मारले का, ते पाहत. गारा झाला, की त्याच्यालगत मचाण चढे.

सरकारचा स्वतःचा खर्चही होता, बक्षिसांचा. मारलेल्या वाघामागे, बिबट्यामागे, लांडग्यामागे रोख रक्कम मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि २ लाख लांडगे मारले गेले. आणि त्याच काळात, १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातली शिकार परवान्याखाली आणली. ज्या बैगांना आणि गोंडांना जनावराचा माग काढता येत होता, म्हणून साहेब बरोबर घेई, त्यांनी स्वतःच्या हंडीसाठी ससा मारला तर तो गुन्हा. व्हेरियर एल्विनने १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात या अपमानाची सविस्तर नोंद केली आहे. संस्थानांत तर उलट दिशेनेही जाच होता. अलवारात राजाच्या शिकारीसाठी राखलेली रानडुकरे शेतात शिरत आणि त्यांना हात लावायची शेतकऱ्याला बंदी. तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये आंदोलन केले ते या डुकरांपायी.

एवढे सगळे असून माणसे शिकारीच्या तळासाठी वेडी का होत? केवळ रक्ताची चटक म्हणून हा प्रश्न निकाली काढणे अन्यायाचे होईल. कॅप्टन जेम्स फोर्सिथचे उदाहरण घ्यावे. १८६२ च्या हिवाळ्यात तो पचमढीच्या पठारावर चढला आणि तिथल्या कडेकपारींनी असा भारावला की ‘बायसन लॉज’ हे घर बांधूनच राहिला. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी, तिशी नुकतीच ओलांडलेला फोर्सिथ वारला. पुस्तकात शिकार भरपूर आहे, पण सालाची आणि सागाची राने, त्यांतली माणसे, नद्यांचे उगम यांनीही त्याची पाने भरली आहेत. सातपुड्याचे इतके निरखून केलेले वर्णन त्याआधी इंग्रजीत क्वचितच झाले असेल. कचेरीतल्या फायली आणि छावणीतले मानपान मागे टाकून पहाटेच्या थंडीत ओल्या वाळूवरचा ताजा माग वाचत जाण्यात जे सुख होते, ते खोटे नव्हते. हाकाऱ्यांनाही त्यातला वाटा मिळे. सांबर पडले की मांस सगळ्यांचे, आणि रात्रीच्या शेकोटीला ज्याने वाघ वळवला त्याची कथा साहेबाच्या कथेपेक्षा रंगतदार असे.

राजर्षी शाहू महाराजांची गोष्ट या सगळ्यात निराळी. शिकारीचा त्यांना अतोनात षौक. कोल्हापूरच्या माळांवर काळविटांमागे चित्ते सोडले जात, दाजीपूरच्या दाट रानात गवे राखलेले. पारधीच्या विद्येत मुरलेल्या फासेपारध्यांवर गुन्हेगारीचा शिक्का होता. महाराजांनी त्यांची रोजची हजेरी बंद केली आणि त्यांना नोकऱ्या दिल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला ते शिकारीवरून मुद्दाम आले होते आणि तिथे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. त्याच वर्षी त्यांच्या संस्थानात वेठबिगार कायद्याने बंद झाली. शिकारीचा तळ ज्या फुकट श्रमावर उभा राहतो, तो श्रम एका शिकारी राजानेच बेकायदा ठरवला.

बाकीच्या राजेरजवाड्यांना असली टोचणी क्वचितच लागली. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार आटोपून पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी ६०० हून अधिक हत्ती जमवले. दहाएक दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले.

स्वातंत्र्यानंतर ही सारी हौस बाजारात आली. पन्नाशीच्या दशकात शिकार कंपन्या निघाल्या, आणि त्यांतली ‘ऑल्विन कूपर’ ही नागपूरची ठळक कंपनी. ती काढली मॉरिस कॉलेजातून १९५१ मध्ये बी. ए. झालेल्या विद्याचरण शुक्ल यांनी. हेच पुढे १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि आणीबाणीत माहिती व प्रसारण मंत्री म्हणून गाजले. कंपनीचा व्यवहार साधा होता. परदेशी पाहुण्याने डॉलर मोजायचे; जंगलाचा ब्लॉक, परवाना, जीप, तंबू, खानसामा, रेडके, हाका सगळे कंपनी बघणार. वेठ गेली होती, मजुरी रोख मिळू लागली होती, आणि परकीय चलनाला आसुसलेल्या देशाला ही कमाई गोड वाटली. पाहुणा मात्र पंधरवडा-महिन्याच्या सुटीत वाघ घेऊनच परतायच्या इराद्याने आलेला. फोर्सिथपाशी आख्खा हिवाळा होता, वाघ दिसला नाही तर तो डोंगर पाही. इथे पैसे आगाऊ भरलेले असल्याने वाघ दिसणे हा कंपनीच्या अब्रूचा प्रश्न झाला. जीप आणि शोधदिवे आल्यावर रात्रही सुरक्षित राहिली नाही.

१९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची महासभा दिल्लीला भरली. वनाधिकारी कैलाश सांखला यांनी तिथे वाघ झपाट्याने संपत असल्याचे मांडले आणि महासभेने शिकारबंदीचा आग्रह धरला. १९७० मध्ये बंदी आली. कंपन्या कोर्टात गेल्या, ठरलेल्या सहलींचे नुकसान दाखवले, पण उपयोग झाला नाही. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरल्याचे दिसले; त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या ९ राखीव क्षेत्रांत आपला मेळघाट होता.

बंदीने बंदूक गेली, तळाची सवय राहिली. कान्हामध्ये आणि इतरत्र पर्यटकांना वाघ दाखवण्यासाठी बरीच वर्षे रेडके बांधली जात होती. मचाणेही टिकली. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्राचा वनविभाग ‘निसर्गानुभव’ या नावाने ताडोब्याच्या बफर भागात, मेळघाटात पाणवठ्यांवरची मचाणे लोकांना देतो. शुल्क आधीच भरावे लागते. रात्रभर गप्प बसायचे, जे पाण्यावर येईल त्याची नोंद करायची. मचाणावर सोबत गावातलाच एक वाटाड्या असतो, आणि त्या रात्रीचे त्याचे मानधन शुल्कातच धरलेले असते.